परदेशी कामगारांची भरती : जाहिरातीची अट आणि तिचे अपवाद
(अमेरिकेतील व्यवस्थेच्या संदर्भात एक विवेचन)

परदेशातून कामगार आणू इच्छिणाऱ्या मालकाने प्रथम देशातल्या देशात त्या कामासाठी माणूस शोधून पाहावा आणि तसा माणूस मिळत नाही असे दाखवून द्यावे, हा दंडक आज अनेक राष्ट्रांच्या स्थलांतरविषयक कायद्यांत आढळतो. या शोधाचा दृश्य पुरावा म्हणजे जाहिरात. मात्र ज्या कायद्यांनी ही अट घातली, त्यांनीच तिच्यातून सुटण्याच्या वाटाही आखून दिल्या आहेत. कोणत्या व्यवसायाला, कोणत्या व्यक्तीला, किती वेतनाच्या पदाला अथवा कोणत्या राष्ट्राच्या नागरिकाला जाहिरातीवाचून प्रवेश द्यावयाचा, याचा निर्णय या वाटांवर होतो. म्हणून नियमाचा खरा आशय जाणून घ्यावयाचा असेल, तर त्याच्या अपवादांचा अभ्यास आवश्यक ठरतो.

प्रस्तुत लेखात अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील व्यवस्थेचा या दृष्टीने विचार केला आहे. भारतातून, आणि विशेषतः पुणे-मुंबईसारख्या शहरांतून, तेथे जाणारे अभियंते, परिचारिका, संशोधक व अध्यापक यांचा या व्यवस्थेशी प्रत्यक्ष संबंध येतो. जाहिरातीपासून दिलेली प्रत्येक सूट म्हणजे जाहिरातीऐवजी स्वीकारलेला एक वेगळा पुरावा होय, आणि तो पुरावा वेळोवेळी तपासला जातो की नाही यावरच त्या सुटीचे समर्थन अवलंबून राहते, असे या विवेचनाचे सूत्र आहे.

१. अटीचा उगम

अमेरिकेत परदेशी मजुरांविरुद्धचा एक मोठा कायदा १८८५ साली झाला. आधी करार करून परदेशातून मजूर आणण्यास त्या कायद्याने बंदी केली. कारखानदार स्वस्त मजूर जहाजांनी आणतात व स्थानिक मजुरी पाडतात, ही त्यामागील तक्रार होती. तथापि त्याच कायद्यात नट, कलावंत, व्याख्याते, गायक आणि घरगुती नोकर यांना बंदीतून वगळण्यात आले होते. देशात ज्या उद्योगाचा पाया अद्याप घातला गेला नव्हता, अशा नव्या उद्योगासाठी लागणारे कुशल कामगार अन्यथा मिळत नसतील, तर त्यांनाही मोकळीक होती. देशात माणूस 'मिळत नाही' ही कसोटी येथे बीजरूपाने दिसते.

अपवादांच्या यादीत जे नाहीत त्यांचे काय, हा प्रश्न लवकरच न्यायालयापुढे आला. न्यूयॉर्कमधील एका चर्चने इंग्लंडहून धर्मोपदेशक नेमला होता, आणि धर्मोपदेशकाचा उल्लेख अपवादांत नव्हता. १८९२ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, कायद्याच्या शब्दांत हे प्रकरण बसत असले तरी त्याच्या हेतूत बसत नाही. कायद्याचा रोख अंगमेहनतीच्या स्वस्त मजुरीवर होता. तत्पूर्वी १८९१ मध्येच विधिमंडळाने धर्मोपदेशक, महाविद्यालयीन प्राध्यापक व मान्यताप्राप्त व्यवसायांतील व्यक्ती यांना अपवादांत सामावून घेतले होते. शारीरिक श्रम करणाऱ्याने प्रतीक्षा करावी व बौद्धिक श्रम करणाऱ्याला दार उघडे असावे, हा भेद इतक्या मागे जातो.

१९५२ च्या स्थलांतर व नागरिकत्व कायद्याने करारी मजुरांवरील जुनी बंदी रद्द केली आणि तिच्या जागी श्रममंत्र्याच्या प्रमाणपत्राची योजना आणली. मात्र ही योजना नकारात्मक होती. स्थानिक कामगार पुरेसे आहेत, अथवा परदेशी व्यक्तीच्या येण्याने वेतनमान खालावेल, असे मंत्र्याने स्वतः होऊन प्रमाणित केले, तरच प्रवेश अडत असे. १९६५ च्या दुरुस्तीने हा भार उलटा केला. पात्र, सक्षम, इच्छुक व उपलब्ध असे स्थानिक कामगार नाहीत, आणि स्थानिकांच्या वेतनावर व कामाच्या परिस्थितीवर अनिष्ट परिणाम होणार नाही, असे मंत्र्याने प्रमाणित केल्यावाचून प्रवेश मिळेनासा झाला. मौनाचा अर्थ पूर्वी 'होकार' असा होता, तो आता 'नकार' झाला. जाहिरातीच्या अटीला आणि तिच्या अपवादांना महत्त्व आले ते या बदलामुळे.

२. अटीचे आजचे स्वरूप

मार्च २००५ पासून लागू झालेल्या व 'पर्म' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीनुसार, परदेशी व्यक्तीला कायम वास्तव्याचा परवाना, म्हणजेच 'ग्रीन कार्ड', मिळावे अशी इच्छा असलेल्या मालकाने प्रथम श्रम खात्याकडून त्या पदाचे प्रचलित वेतन निश्चित करून घ्यावयाचे असते. त्यानंतर राज्याच्या सेवायोजन कार्यालयात ३० दिवस रिक्त पदाची नोंद करावी लागते आणि दोन वेगवेगळ्या रविवारी वृत्तपत्रात जाहिरात द्यावी लागते. पद व्यावसायिक स्वरूपाचे असेल, तर रोजगार मेळावा, कंपनीचे संकेतस्थळ, महाविद्यालयातील नोकरीविषयक कक्ष, नभोवाणी व दूरचित्रवाणी इत्यादी दहा मार्गांपैकी आणखी तीन मार्ग अवलंबावे लागतात. कामाच्या जागी सलग दहा कामकाजाचे दिवस सूचना लावावी लागते. ही भरती अर्जापूर्वी साधारणतः ३० ते १८० दिवसांच्या कालखंडात झालेली असावी लागते, आणि तिची कागदपत्रे पाच वर्षे जपून ठेवावी लागतात.

या शोधाचे स्वरूप मोठे चमत्कारिक आहे. ज्या पदासाठी जाहिरात द्यावयाची, त्या पदावर इष्ट परदेशी व्यक्ती बहुधा तात्पुरत्या परवान्यावर आधीच काम करीत असते. म्हणजे मालकाला माणूस हवा आहे म्हणून जाहिरात निघत नाही. हवा असलेला माणूस टिकवता यावा म्हणून ती निघते. शिवाय पात्र स्थानिक उमेदवार पुढे आलाच, तरी त्याची नेमणूक करण्याचे बंधन मालकावर नाही. फक्त परदेशी व्यक्तीसाठी प्रमाणपत्र मिळत नाही. भारतातील वाचकाला येथे १९५९ च्या रिक्त पदांच्या सक्तीच्या अधिसूचनेविषयीच्या कायद्याची आठवण होईल. रिक्त पद सेवायोजन कार्यालयास कळविणे त्या कायद्याने सक्तीचे केले होते, परंतु कार्यालयाने पाठविलेल्या उमेदवारालाच नेमले पाहिजे, असे बंधन घातले नव्हते.

अशा परिस्थितीत जाहिरात नावापुरती देण्याचा मोह मालकाला होणे स्वाभाविक आहे. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने फेसबुक कंपनीवर दावा दाखल केला. कंपनी या विशिष्ट पदांच्या जाहिराती नेहमीच्या संकेतस्थळावर देत नाही व अर्ज टपालाने मागवते, परिणामी अर्जदार फार थोडे येतात, असा आरोप त्यात होता. ऑक्टोबर २०२१ मध्ये १ कोटी ४२ लाख ५० हजार डॉलरपर्यंतच्या रकमेवर समझोता झाला. अशाच स्वरूपाच्या आरोपांबाबत अॅपल कंपनीशी नोव्हेंबर २०२३ मध्ये झालेल्या समझोत्याची रक्कम अडीच कोटी डॉलरपर्यंत होती. जाहिरात दिली गेली एवढ्यावरून शोध झाला असे ठरत नाही, हे या प्रकरणांवरून उघड होते. अपवादांचा विचार करताना ही गोष्ट ध्यानात ठेवणे जरूर आहे, कारण अपवाद ज्या नियमाला आहेत तो नियमच पुराव्याच्या दृष्टीने पुष्कळसा दुर्बळ आहे.

३. अपवादांचे आधार

(अ) व्यवसायाची दुर्मिळता : काही व्यवसायांत माणसांची उणीव इतकी उघड असते की, प्रत्येक मालकाकडून ती स्वतंत्रपणे सिद्ध करून घेण्यात हशील नाही, या विचारातून १९६५ नंतर 'अनुसूची अ' तयार झाली. या अनुसूचीतील व्यवसायांसाठी श्रम खात्याने प्रमाणपत्राचा निर्णय जणू आगाऊच देऊन ठेवलेला असतो. सध्याच्या नियमांनुसार तिच्या पहिल्या गटात प्रशिक्षित परिचारिका व फिजिओथेरपिस्ट हे दोन व्यवसाय येतात. याच्या उलट, ज्या व्यवसायांत स्थानिक कामगार विपुल आहेत असे मानले जाई, त्यांची 'अनुसूची ब' ही होती. २००५ च्या पद्धतीत ती नाहीशी झाली.

यादी बदलू शकते, हे वैद्यकांच्या उदाहरणावरून दिसते. प्रारंभी डॉक्टरांचाही अनुसूचीत समावेश होता आणि त्यायोगे भारतीय डॉक्टर मोठ्या संख्येने तेथे गेले. १९७६ मध्ये विधिमंडळाने देशात डॉक्टरांचा तुटवडा उरलेला नाही असे घोषित केले व त्यांची ही वाट बंद झाली. पुढील काळात मात्र असा फेरविचार विरळा झाला. डिसेंबर २०२३ मध्ये श्रम खात्याने विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी व गणित या क्षेत्रांतील व्यवसाय अनुसूचीत घ्यावेत काय, याविषयी लोकांची मते मागविली, तेव्हाही पहिल्या गटात तेच दोन व्यवसाय होते. दुर्मिळता ही काळाबरोबर बदलणारी वस्तुस्थिती आहे. तिची यादी दशकानुदशके जशीच्या तशी राहिली, तर ती वस्तुस्थितीची नोंद न राहता रूढी होऊन बसते.

(आ) व्यक्तीची असामान्यता : अनुसूचीचा दुसरा गट व्यवसायावर आधारलेला नाही. विज्ञान वा कला यांत असामान्य योग्यता असलेल्या व्यक्तींसाठी तो आहे. १९९० च्या कायद्याने हेच तत्त्व अधिक विस्ताराने मान्य केले. असाधारण योग्यतेच्या व्यक्ती, नामवंत प्राध्यापक व संशोधक, आणि बहुराष्ट्रीय कंपन्यांचे वरिष्ठ व्यवस्थापक यांचा पहिला प्राधान्यवर्ग करून त्यांना प्रमाणपत्राच्या अटीतून पूर्णतः मुक्त करण्यात आले. जो माणूस त्याच्या क्षेत्रात अग्रगण्य आहे, त्याच्या 'जागी' दुसरा शोधणे निरर्थक होय, हा त्यामागील युक्तिवाद आहे. व्यवस्थापकांना मात्र हा युक्तिवाद तंतोतंत लागू पडत नाही. तेथे व्यक्तीच्या असामान्यतेपेक्षा कंपनीच्या अंतर्गत सोयीला मान दिलेला दिसतो.

(इ) राष्ट्रहित : १९९० च्याच कायद्याने उच्च पदवीधरांच्या दुसऱ्या वर्गात, राष्ट्रहितासाठी आवश्यक वाटल्यास, नोकरीचा प्रस्ताव व त्याबरोबर प्रमाणपत्र या दोन्ही अटी माफ करण्याची तरतूद केली. 'राष्ट्रहित' म्हणजे काय, हे कायद्यात सांगितलेले नाही. १९९८ च्या एका प्रशासकीय निर्णयाने त्याचा अर्थ बराच संकुचित केला. तेवढीच किमान पात्रता असलेल्या उपलब्ध स्थानिक कामगाराच्या तुलनेत अर्जदार राष्ट्रहित लक्षणीय प्रमाणात अधिक साधतो, हे त्याने दाखवावे अशी अपेक्षा ठेवण्यात आली. २०१६ च्या निर्णयाने ही कसोटी बदलली. आज तीन गोष्टी पाहिल्या जातात : नियोजित कार्याला मौलिक गुणवत्ता व राष्ट्रीय महत्त्व आहे काय, ते पुढे नेण्यास अर्जदार समर्थ आहे काय, आणि सारासार विचार करता अट माफ करणे देशाच्या हिताचे आहे काय. ज्यांचे संशोधन अजून कीर्तीला पोहोचलेले नाही परंतु आशादायक आहे, अशांना हा मार्ग त्यामुळे काहीसा सुगम झाला.

(ई) विद्यापीठीय अध्यापक : अध्यापकांच्या बाबतीत पूर्ण सूट नसून अट सौम्य केलेली आहे. सर्वसामान्य पदासाठी किमान पात्रतेचा एकही इच्छुक स्थानिक उमेदवार मिळाला की परदेशी व्यक्तीचे प्रमाणपत्र अडते, मग ती व्यक्ती कितीही सरस असो. विद्यापीठात ही रीत चालणार नाही, हे ओळखून १९७६ च्या दुरुस्तीने अध्यापनाच्या बाबतीत 'समान पात्रते'ची कसोटी लावली. स्पर्धात्मक निवडीत परदेशी उमेदवार सर्वांत योग्य ठरला, तर विद्यापीठाला त्याचीच शिफारस करता येते. त्यासाठी राष्ट्रीय पातळीवरील व्यावसायिक नियतकालिकातील एक जाहिरात पुरते, मात्र निवडीपासून १८ महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. निवड खरोखरीच झालेली असते आणि जाहिरातही खऱ्या भरतीचीच असते, त्यामुळे सर्व प्रकारांत हा प्रकार मूळ हेतूच्या सर्वांत जवळचा म्हणावा लागेल.

४. वेतनाचा आधार आणि गोठलेला आकडा

तात्पुरत्या कामासाठीच्या 'एच-१बी' परवान्याला सामान्यतः जाहिरातीची अट नाही. मालकाने प्रचलित वा प्रत्यक्ष यांपैकी जे अधिक असेल ते वेतन देण्याची हमी दिली की भागते. पुढे, काही कंपन्या बहुतांशी अशाच कामगारांवर चालतात, अशी तक्रार झाल्यावर १९९८ च्या कायद्याने त्यांच्यासाठी वेगळी व्यवस्था केली. ज्या कंपनीत ५१ अथवा अधिक कर्मचारी आहेत व त्यांपैकी १५ टक्के वा अधिक एच-१बी धारक आहेत, तिला 'अवलंबित' समजावे आणि तिने प्रथम स्थानिक भरतीचा प्रामाणिक प्रयत्न करावा, असे ठरले. भारतातील मोठ्या संगणकसेवा कंपन्यांचा या तरतुदीशी निकटचा संबंध येतो.

परंतु त्याच कायद्याने यालाही अपवाद ठेवला. ज्याचे वार्षिक वेतन किमान ६०,००० डॉलर आहे, अथवा ज्याने संबंधित विषयात पदव्युत्तर पदवी घेतली आहे, त्याच्यासाठी ही भरती करण्याची गरज नाही. उच्च वेतन देणारा मालक स्वस्ताईसाठी परदेशी माणूस आणीत नसणार, हे यामागील अनुमान १९९८ साली सयुक्तिक होते. तथापि आकडा कायद्यातच लिहिला गेला आणि तो महागाईशी जोडला गेला नाही. मुदत संपून बंद पडलेली ही तरतूद २००४ च्या कायद्याने पुन्हा आणली, तेव्हाही आकडा तोच राहिला. मध्यंतरी अमेरिकेतील किमती जवळपास दुप्पट झाल्या आहेत. ज्या रकमेने १९९८ साली उच्च वेतनाचा निर्देश होत असे, ती आज संगणकक्षेत्रात नवशिक्याच्या वेतनाच्या आसपास येते. अशा रीतीने अपवादानेच नियम गिळला आहे. विधिमंडळाने नियम रद्द केल्याची घोषणा कधीच केली नाही, परंतु त्याची अंमलबजावणी करण्याजोगी प्रकरणे मात्र उरली नाहीत.

५. सूट कशापासून, आणि कशापासून नाही

जाहिरातीपासून सूट मिळाली म्हणजे सर्व अटी सुटल्या, असा समज सार्वत्रिक आहे, आणि त्याचे परिणाम अर्जदाराला भोगावे लागतात. 'अनुसूची अ' मधील परिचारिकेसाठीही प्रचलित वेतन निश्चित करून घ्यावे लागते. कामाच्या जागी दहा दिवसांची सूचना लावावी लागते, जेणेकरून तेथील कर्मचाऱ्यांना आक्षेपाची संधी राहावी. परवानाविषयक परीक्षा अथवा विहित प्रमाणपत्र हेही आवश्यकच असते. फरक एवढाच की, अर्ज श्रम खात्याकडे न जाता थेट स्थलांतर खात्याकडे जातो. अलीकडच्या वर्षांत श्रम खात्याच्या प्रमाणपत्राला वर्षाहून अधिक काळ लागत असल्यामुळे हा लाभही लहान नाही.

खरा अडसर मात्र यापुढे आहे. नोकरीवर आधारित कायम परवाने वर्षाला सुमारे १,४०,००० इतकेच असतात आणि कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना साधारणतः सात टक्क्यांहून अधिक वाटा मिळत नाही. परिचारिका बहुधा तिसऱ्या वर्गात मोडतात, आणि त्या वर्गातील भारतीयांची रांग दहा वर्षांहून लांब झालेली आहे. एच-१बी परवाना पदवी अनिवार्य असलेल्या पदांसाठीच असल्यामुळे, सामान्य परिचारिकेला तोही सहसा मिळत नाही. संगणक अभियंत्याला रांगेत असतानाच अमेरिकेत राहून काम करता येते, परिचारिकेला मात्र मायदेशी थांबावे लागते. २००५ साली विधिमंडळाने मागील वर्षांतील न वापरलेले ५०,००० परवाने अनुसूचीतील व्यवसायांसाठी खुले केले होते, परंतु दोन वर्षांच्या आतच ते संपले.

यातील विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. शासन एकीकडे म्हणते की, या व्यवसायात माणसे नाहीत हे इतके स्पष्ट आहे की जाहिरातीचीही गरज नाही. दुसरीकडे तेच शासन त्या व्यवसायातील भारतीय परिचारिकेला दशकभर थांबविते. व्यक्तीच्या असामान्यतेवर आधारलेली सूट अर्जदाराला तुलनेने लहान रांगेत नेऊन बसविते. व्यवसायाच्या दुर्मिळतेवर आधारलेली सूट रांग बदलीत नाही. म्हणजे जिची रुग्णालयाला सर्वांत निकड आहे, तिलाच या सुटीचा लाभ सर्वांत कमी मिळतो.

६. इतर राष्ट्रांचा अनुभव

ब्रिटनमध्ये परदेशी व्यक्तीला नेमण्यापूर्वी साधारणतः २८ दिवस जाहिरात देणे आवश्यक असे. दुर्मिळ व्यवसायांची यादी, अत्युच्च वेतनाची पदे व कंपनीअंतर्गत बदल्या यांना त्यातून सूट होती. स्थलांतरविषयक सल्लागार समितीने २०१८ मध्ये ही कसोटीच काढून टाकावी असे सुचविले; किमान वेतनाची मर्यादा व मालकावरील आकार यांनी स्थानिकांचे अधिक चांगले संरक्षण होईल, असे तिचे मत पडले. डिसेंबर २०२० मध्ये कसोटी रद्द झाली.

ऑस्ट्रेलियाने उलट दिशेने जाऊन २०१३ च्या दुरुस्तीने अशी चाचणी कायद्यात आणली, परंतु आंतरराष्ट्रीय व्यापारी करारांशी विसंगत ठरेल तेथे ती लागू होणार नाही, असेही म्हटले. २०१५ साली चीनशी झालेल्या करारामुळे चिनी नागरिक या चाचणीतून सुटले, तेव्हा तेथील कामगार संघटनांनी त्यास तीव्र विरोध केला. या प्रकारात सुटीचा आधार व्यवसायही नाही आणि व्यक्तीही नाही. अर्जदाराचे नागरिकत्व हाच तो आधार होय. अमेरिकेनेही १९९५ पासून अमलात आलेल्या सेवाव्यापारविषयक सर्वसाधारण करारात वर्षाला ६५,००० विशेषज्ञांना प्रवेश देण्याचे वचन दिलेले आहे. अशी सूट एकदा करारात गेली की, श्रमबाजाराची स्थिती पालटली तरी ती एकतर्फी मागे घेणे अवघड होते.

७. समारोप

येथवरच्या विवेचनावरून असे दिसते की, दुर्मिळता, असामान्यता, राष्ट्रहित, वेतन व व्यापारी करार या पाच आधारांवर जाहिरातीची अट शिथिल केली जाते. यांपैकी पहिले चार आधार म्हणजे अनुमाने आहेत, आणि अनुमानाची किंमत त्याखालील वस्तुस्थिती टिकून असेपर्यंतच असते. डॉक्टरांबाबत १९७६ मध्ये व राष्ट्रहिताबाबत २०१६ मध्ये आधाराचा फेरविचार झाला, म्हणून त्या निर्णयांविषयी मतभेद असले तरी त्यांना कारणमीमांसा आहे. साठ हजार डॉलरच्या आकड्याला आज तशी कारणमीमांसा उरलेली नाही.

केवळ जाहिरातींची संख्या वाढवून स्थानिक कामगाराचे संरक्षण होत नाही, तसे केवळ सूट देऊन परदेशी कामगाराला न्यायही मिळत नाही. वेतनाची निश्चिती व कामाच्या जागी लावलेली सूचना या दोन अटी बहुतेक सुटींतही कायम ठेवल्या आहेत, ही गोष्ट या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. वेतन पडू नये व व्यवहार उघड असावा, हाच या कायद्याचा १८८५ पासूनचा गाभा होय. जाहिरात हे त्याचे एक साधन आहे. या विषयाच्या पुढील अभ्यासात प्रत्येक अपवादाबाबत, तो कोणत्या अनुमानावर उभा आहे, ते अनुमान शेवटचे केव्हा तपासले गेले, आणि सूट मिळूनही अर्जदाराला कोठे अडून राहावे लागते, हे तीन प्रश्न विचारले गेले, तर कायद्याचे शब्द व त्याची प्रत्यक्ष फलश्रुती यांतील अंतर नेमकेपणाने मोजता येईल.